सोमवारची विसराळू मशीन

१

"भाऊ, ड्राइव्ह पुन्हा गायब!"

सत्यशीला रामटेके आतल्या खोलीतून ओरडत आली तेव्हा मी स्टुलावर उभा राहून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवत होतो. स्टूल डुगडुगलं, पण पडलो नाही. घड्याळात सहा वाजले होते आणि खरे वाजले होते दहा. दर सोमवारी हेच. ते घड्याळ नागपूरच्या कंपनीने कॉम्प्युटरसोबत फुकट दिलं होतं. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, म्हणून मी मुकाट्याने काटे फिरवायचो.

मी वामनराव. सन अठ्ठ्याऐंशीत चंद्रपूरच्या एका जंगल कामगार सहकारी संस्थेत हेडक्लार्क होतो. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगितलं की आजचे संचालक फोन करतात आणि अर्धा तास सोडत नाहीत. बांबू तोडणारे, तेंदूपत्ता गोळा करणारे आमचे अकराशे सभासद. त्यांची नावं-गावं ठेवायला एप्रिलात कॉम्प्युटर आला, आणि तो चालवायला तीन महिन्यांच्या बोलीवर ही सत्यशीला.

आत जाऊन पाहिलं. काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं. मशीन घुरघुरायची, दोनदा टुक्‌टुक् करायची आणि सांगायची, मला माझी ड्राइव्ह सापडत नाही. ड्राइव्ह म्हणजे तिच्या पोटातली तबकडी. अकराशे माणसांची नावं त्या तबकडीवर, आणि मशीनने सकाळी उठून काय करायचं तेही तिच्यावरच लिहिलेलं. ती सापडली नाही तर उरतो नुसता लोखंडाचा डबा.

"तबकडी जागेवर हाय ना पण?" मी विचारलं.

"जागेवर हाय, भाऊ. गेल्या सोमवारीही जागेवरच होती. मशीनलेच आठवत नाई की ती आपल्या पोटात हाय म्हणून."

मशीन आल्यापासून आठ सोमवार झाले, त्यातले सात असे गेले. दर वेळी नागपूरला ट्रंक कॉल करायचा. मंगळवारी एसटीने टायवाला इंजिनिअर यायचा. बॅगेतली फ्लॉपी घालून मशीनला ड्राइव्हची आठवण करून द्यायचा, चहा प्यायचा आणि फ्लॉपी घेऊन परत जायचा. फ्लॉपी ठेवून जा म्हटलं तर, कंपनीची आहे. जाता जाता सत्यशीलेकडे बघून "हँडलिंगचा प्रॉब्लेम" एवढं मात्र न चुकता म्हणायचा. मग मंगळवार ते शनिवार मशीन रोज बंद करा, रोज चालू करा, एकदम शहाणी. सोमवार उजाडला की ये रे माझ्या मागल्या.

दुपारी अध्यक्ष पत्रूजी गेडाम आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी या मशीनसाठी संचालकांशी भांडण केलं होतं आणि आता गावभर हसं होत होतं.

"वामनराव, पुढच्या सोमवारी आमसभा हाय. सारे सभासद येऊन राह्यले. त्यायच्यासमोर मशीन चालली तर चालली. नाई चालली तर मशीन नागपूरले अन् पोरगी घरी."

एवढं बोलून ते निघून गेले. सत्यशीला टेबलाचा कोपरा धरून उभी होती.

तिची आई बायनाबाई आमचीच सभासद, मोहर्लीकडच्या गावातली. अख्खा जन्म तेंदूपत्ता तोडून तिने लेकीला बी.एस्सी. केलं, नागपूरला कॉम्प्युटरच्या कोर्सला पाठवलं. आमसभेत आपली सत्या मशीन चालवणार म्हणून तिने गावातल्या अर्ध्या बायांना चंद्रपूरला यायचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं.

"भाऊ, आईले काय सांगू मी?" सत्यशीला म्हणाली.

ती रडली असती तर मी दोन शब्द बोललो असतो. ती रडली नाही आणि मला भयंकर राग आला. कोणावर काढावा कळेना, म्हणून मी ते फुकटचं घड्याळ भिंतीवरून उपसलं, पिशवीत कोंबलं आणि पाच वाजता सईदाबाईचं दुकान गाठलं.

२

जटपुरा गेटजवळ सईदाबाईचं घड्याळ-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. वडील गेल्यावर तिने ते बंद केलं नाही, उलट पाटीवर वडिलांच्या नावाखाली स्वतःचं नाव रंगवून घेतलं. पन्नाशीची बाई, एका डोळ्याला भिंग, गालात पान. तिचा भाऊ गफ्फार याने आमच्या मशीनच्या खोलीचं वायरिंग केलं होतं. पहिल्या खेपेला इंजिनिअरने त्याच्याच अर्थिंगवर खापर फोडलं होतं, त्यामुळे आमच्या ऑफिसचं नाव काढलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं.

"या हेडक्लार्कसाहेब. आता घड्याळातबी आमच्या गफ्फारचं अर्थिंग निघालं का?"

"टोमणे मारू नका जी. हे घड्याळ मागे पडून राह्यलं, ते पाहा."

तिने मागचं झाकण काढलं, आतला पेन्सिल सेल काढला, घातला, कानाला लावून ऐकलं.

"किती मागे पडते?"

"चार तास."

"रोज थोडं थोडं, का एकदम?"

"एकदम. शनिवारी संध्याकाळी बरोबर असते. सोमवारी सकाळी पाहावं तर चार तास मागे."

"अन् मंगळवार ते शनिवार?"

"मिनिटाचा फरक नाई."

सईदाबाईने डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.

"भाऊ, एक बात सांगतो. घड्याळ बिघडलं तर रोज बिघडते. हप्त्यातून एकच दिवस बिघडते, तर ते बिघडलंच नाई. कोणीतरी बंद करून राह्यलं त्याले. घेऊन जा अन् होतं तिथंच लावा."

मला हसू आलं. "घड्याळ बंद करून कोणाले काय भेटणार? अन् आमच्या ऑफिसात सोमवारी बिघडणारं हे एकटंच नाई."

पानाची पिंक टाकायला वळलेली सईदाबाई तशीच थांबली.

"दुसरं काय बिघडते सोमवारी?"

३

बुधवारी सकाळी ती ऑफिसात हजर. मंगळवारी इंजिनिअर येऊन गेला होता, मशीन पुन्हा शहाण्यासारखी वागत होती. मी सगळ्यांना सांगितलं की बाई घड्याळ बघायला आल्या आहेत. खोटं नव्हतं ते.

"चाव्या कोणाकडे असतात?" तिने आल्या आल्या विचारलं.

"एक चौकीदार लहानूकडे, एक माझ्याकडे."

"मंग पहिला चोर तुम्हीच. रविवारी दिवसा कुठी असता?"

"मी? सव्वीस वर्षं झाली मला इथं..."

"कुठी असता?"

"घरी. जेवून झोपलेला असतो."

"गवाह?"

"बायको. ती म्हणते फार घोरता."

"चालते," ती म्हणाली. हरिदास पाठमोरा हसला ते मला दिसलं.

हरिदास बोरकर आमचा टायपिस्ट. त्याच्यावर माझा स्वतःचा पहिल्यापासून संशय होता. मशीन आली त्याच दिवशी त्याने आपल्या टाइपरायटरवर हात ठेवून जाहीर केलं होतं की ही बया मला खाणार. शिवाय रविवारी तो लहानूकडून दार उघडून घेऊन ऑफिसात येऊन बसतो, हे मला ठाऊक होतं. सांगायचा, जादा काम आहे. हरिदास आणि जादा काम! सईदाबाईने त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"रविवारी काय टाइप करता, हरिदासभाऊ?"

त्याचा चेहरा उतरला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग खणातून कागदांचा हा एवढा गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला.

"नाटक," तो पुटपुटला. "चार अंकी. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत मंडळ करणार हाय. घरी चार पोरं, बसू देत नाईत. वामनराव, रागावू नका, कागद माझेच हायेत."

"खून हाय का त्यात?" सईदाबाईने विचारलं.

"तीन."

"अन् चौथा मशीनचा?"

"अव बाई! त्या खोलीत मी पाय ठेवत नाई. हिशेबाने दहाला बसतो, दोनला उठतो. हिशेबाने म्हणतो, कारण एकदा लिहायला लागलो की वेळच कळत नाई. कितीदा तर मान वर करून घड्याळ पाहावं तर दहाच वाजलेले. एवढा मी रंगून जातो."

सईदाबाईने मान डोलावली. मी मनात म्हटलं, झालं, आता हा नाटकच वाचून दाखवणार. पण ती तेवढ्यात उठली.

"कोणी येते-जाते का तेवढ्या वेळात?"

"कोणी नाई. लहानू झाडझूड करते, कूलरात पाणी टाकते, आपल्या कामाले जाते."

लहानू कोवे दाराशीच उभा होता. उमेदीची तीस वर्षं जंगलातल्या डेपोवर राखण करण्यात घालवलेला गोंड माणूस, आता ऑफिसच्या मागच्या खोलीत राहायचा. सत्यशीलेला "सत्याबाई" म्हणायचा आणि तिच्यासाठी मडक्यातलं पाणी वेगळं झाकून ठेवायचा. रिटायर व्हायला त्याला दोन वर्षं होती.

"लहानूदादा, मशीनले हात लावला का कधी?"

"पेनाची आन, बाई!" आपल्या देवाची शपथ घेताना त्याने गळ्याला हात लावला. "बोटबी नाई लावलं. तिच्यावरची धूळसुद्धा सत्याबाईच पुसते."

त्याच्या डोळ्यांत बघितल्यावर लहान पोरानेही ओळखलं असतं की हा खोटं बोलत नाही. आणि तो बोलतही नव्हता. मग राहिलं कोण? राहिली सत्यशीला.

४

"सोमवारी मशीन काय काय विसरते, एकेक सांग बेटा," सईदाबाई तिला म्हणाली.

"ड्राइव्ह विसरते. अन् तारीख. दर सोमवारी म्हणते, आज एक जानेवारी ऐंशी."

"तारीख? म्हणजे तिच्या पोटात घड्याळ हाय?"

"हो बाई. मशीन बंद असली तरी ते चालत राहते, चार पेन्सिल सेलवर. त्याच सेलवर तिच्या लक्षात राहते की पोटात कोणती ड्राइव्ह बसवली हाय. इंजिनिअरसाहेबांनी पहिल्याच दिवशी साऱ्यांसमोर सांगितलं होतं, सेल उतरले की मशीन सारं विसरेल, सेल सांभाळा."

"मंग सेलच उतरत असतील," मी म्हणालो. एवढं साधं कोणाच्या लक्षात येऊ नये याचं मला नवल वाटलं.

"भाऊ, ते दर वेळी मीटर लावून पाहतात. सेल ठणठणीत असतात. एकदा तर बदललेसुद्धा."

माझी हवा गेली. सईदाबाई मात्र मशीनच्या मागे जाऊन वाकली. तिथे प्लॅस्टिकची एक डबी चिकटवलेली होती, तिच्यात चार सेल. इंजिनिअरने नवे घातले तेव्हा प्रत्येकावर पेनाने आकडा लिहिला होता. सईदाबाईने मला जवळ बोलावलं.

"वाचा."

"तीन, एक, चार, दोन."

"इंजिनिअर असे लावेल? अन् रंग पाहा."

सेलांवरचा लाल रंग दोन्ही अंगांनी उडून गुलाबी झाला होता. मी पाहिलं, आणि मला काहीही कळलं नाही. त्या खोलीची एकुलती एक खिडकी कूलरने अडवलेली, डबीला झाकण, आत मिट्ट काळोख.

"आठ सोमवार झाले म्हणता, बिघडली सात वेळा. चालली तो कोणता?"

"मे महिन्यातला तिसरा," सत्यशीला पटकन बोलली. तिला तो दिवस पाठ असणारच.

तो दिवस मलाही पाठ होता. आदल्या रविवारी वरोऱ्याला माझ्या भाच्याचं लग्न. सकाळपासून आभाळ भरून आलं आणि दुपारी वावटळीने मांडव उडवून नेला. वऱ्हाडी मंडळी उपाशी, मी मांडवाच्या मागे पळतोय. हे सगळं मी सईदाबाईला रंगवून सांगितलं.

"अन् दुसऱ्या दिवशी ऑफिसात घड्याळ?"

त्या सोमवारी मी स्टुलावर चढलोच नव्हतो.

"दोन घड्याळं," सईदाबाई बोटांवर मोजत म्हणाली. "एक भिंतीवर, एक मशीनच्या पोटात. दोन्ही एकाच दिवशी बंद पडतात. अन् आभाळ आलं की दोन्ही चालतात. समजलं?"

"नाही," मी म्हणालो.

"चांगलं हाय. पोटात बात राहत नाई तुमच्या."

शनिवारी ऑफिस सुटल्यावर ती सोल्डरिंगची सळई आणि एक पुडकं घेऊन पुन्हा आली. मला दारात राखणीला उभं केलं, मशीनच्या मागे पंधरा मिनिटं काहीतरी खुडबुड केली आणि डबी होती तशी लावून टाकली. काय केलं विचारलं तर म्हणाली, "उद्या एक वाजता या. छत्री आणा."

५

चंद्रपूरचं जूनचं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला मी काय सांगू! एक वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. ऑफिसात हरिदासचा टाइपरायटर कडकडत होता, चौथा अंक ऐन रंगात आला असावा. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते. सईदाबाईने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि मला जिन्याने गच्चीवर नेलं.

गच्चीच्या मधोमध पोतं पसरलेलं. त्याच्यावर ओळीने सेल मांडलेले. लहानूच्या टॉर्चचे तीन मोठे. त्याच्या रेडिओचे दोन. मग एक पेन्सिल सेल एकटा. आणि त्याच्या पुढे चार पेन्सिल सेल, पेनाने आकडे घातलेले.

मी मटकन खालीच बसणार होतो, पण गच्ची तव्यासारखी तापली होती.

"अरे देवा! म्हणजे मशीन आत्ता या घटकेला विसरून बसली! उद्या आमसभा, इंजिनिअर मंगळवारी..."

"हळू," सईदाबाई म्हणाली.

मागून लहानू वर आला. आम्हाला बघून दचकला नाही, उलट खूश झाला. पोत्याजवळ बसून त्याने एकेक सेल उलटला, भाकरी उलटावी तसा.

"ह्या बाजूने चढले, आता त्या बाजूने," तो म्हणाला. "जंगलात डेपोवर नवे सेल महिन्याले एकदा भेटत, वामनरावभाऊ. टॉर्च उतरला अन् समोर अस्वल आलं तर? म्हणून उन्हात ठेवाचे. एप्रिलात सायेब बोलले ना, सेल उतरले तर मशीन सारं विसरते. तवापासून दर रविवारी मशीनले बोट न लावता मागच्या डबीतले सत्याबाईचे सेल चढवून राह्यलो. पोरीची नोकरी नवी हाय. तिची मशीन उतरू नाई."

सव्वीस वर्षांत मी त्या गच्चीवर सेल शंभरदा पाहिले असतील. माझ्या स्वतःच्या घरी खिडकीत असतात. पाहूनही दिसले नाहीत.

सईदाबाई लहानूला खाली घेऊन आली. तो एकटा सेल तिने त्याच्याच हाताने भिंतीवरच्या घड्याळात घालायला लावला. काटा टिकटिक करत चालू लागला.

"चालून राह्यलं ना, लहानूदादा?"

"हो."

"वेळ बरोबर हाय?"

लहानूने घड्याळाकडे पाहिलं, मग दारातल्या उन्हाकडे. त्याला घड्याळापेक्षा सावलीवरून वेळ चांगली कळायची.

"नाई. हे तर दहा म्हणते."

"सेल चांगला हाय, घड्याळ चांगलं हाय. पण सेल काढला तेवढा वेळ ते मेलं होतं. पुन्हा जिवंत झालं तरी मधलं त्याले ठाऊक नाई. मशीनच्या पोटातलं घड्याळबी असंच. टॉर्चले आठवण नसते, दादा. मशीनले असते."

हे समजायला त्याला थोडा वेळ लागला. मग तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

"म्हणजे सात वेळा... मीच?"

हरिदासचा टाइपरायटर थांबला होता. तो उठून आला, त्याने लहानूला पाण्याचा पेला दिला आणि स्वतः बाजूला बसला. तीन खून करणाऱ्या माणसाचे डोळे भरून आले होते.

"आम्ही कोणाले सांगत नाई," सईदाबाई म्हणाली. "अन् मशीन विसरली नाई. काल मी डबीच्या मागून दोन तारा काढून आणखी चार सेल आत जोडले. तुम्ही हे काढले, तरी ते होते. उद्या घड्याळ तीन तास मागे सापडेल अन् मशीन चालू होईल. तवा समजा माझं बरोबर."

"अन् नाही चालली तर?" मी विचारलं.

"तर मी घड्याळंच दुरुस्त करत राहीन," ती म्हणाली, आणि छत्री माझीच घेऊन निघून गेली.

६

सोमवारी अंगणात मांडव भरून गेला. मोहर्लीपासून गडचांदूरपर्यंतचे लोक, बाया, पोरं, डब्यांतल्या भाकरी. सत्यशीलेने टेबल दारापर्यंत ओढून घेतलं होतं. बायनाबाई बायांच्या पुढ्यात बसली होती, नवं लुगडं नेसून, पाठ ताठ करून. सत्यशीलेला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तिने बटन दाबलं.

मशीन घुरघुरली. टुक्‌टुक् झालं. पडदा काळा राहिला, राहिला, राहिला. आणि मग अक्षरं सरसर खाली यायला लागली, तारीख तेरा जून अठ्ठ्याऐंशी!

माझा जीव भांड्यात पडला. सत्यशीलेने मागे वळून पाहिलं, तिला हसू आवरेना. प्रिंटर कर्रकर्र करत सुरू झाला आणि पहिलं नाव तिने मोठ्याने वाचलं, "बायनाबाई रामटेके!"

"अव माय," बायनाबाई शेजारणीला म्हणाली, "माझं नाव लिवाले एवढा आवाज?"

मांडव हसला. पण पत्रूजी हसले नाहीत. ते उठून माइकशी आले.

"आज चालली, चांगलं झालं. पण पुढच्या सोमवारी काय? सात वेळा बंद पडली, ती कोणाच्या हातून? मशीन तर हिच्याच हाती होती. मले वाटते, मशीन ठेवू अन् माणूस नागपूरचं आणू."

सत्यशीलेच्या हातातला कागद खाली आला. कडेला बसलेली सईदाबाई उठू लागली, मीही उठलो. पण आमच्या आधी मागून लहानू पुढे आला. माइकपाशी तो गेला नाही, मांडवाच्या मधोमध उभा राहिला.

"अध्यक्षसायेब, पोरीचा काईच दोष नाई. दर रविवारी मशीनचे सेल मी काढत होतो. उन्हात ठेवत होतो. चढतीन म्हणून. नोकरी घ्याची तर माझी घ्या."

पत्रूजींचा चेहरा लाल झाला.

"सेल? उन्हात? लहानू, असं कोण करते?"

मग बायनाबाईने हात वर केला.

"मी करतो," ती म्हणाली.

तिच्या शेजारणीनेही हात वर केला. मग तिच्या मागच्या ओळीने. गडचांदूरचे, मोहर्लीचे, मूल गावचे, बघता बघता सगळा मांडव हात वर करून बसला, आणि लोक एकमेकांचे हात बघून खदखदून हसायला लागले. हरिदासने केला. मी केला. सईदाबाई, जिच्या दुकानात नव्या सेलांचे खोके भरलेले असतात, तिनेसुद्धा केला. पत्रूजी एकेकाकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले, आणि पुढच्या ओळीत बसलेल्या बायकोकडे न बघता हात हळूहळू वर नेला.

"सकाळीच ठेवून आले ना तुम्ही खिडकीत!" त्यांची बायको म्हणाली.

सहकारी संस्थेत हात वर झाले की ठराव होतो. एवढं मी सव्वीस वर्षांत शिकलो होतो. मी रजिस्टर उघडलं, लिहिलं, आणि माइक ओढून घेऊन वाचलं, "ठराव सातवा. कुमारी सत्यशीला रामटेके यांना कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून कायम करण्यात येत आहे. अध्यक्षांसह सर्वानुमते मंजूर!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. पत्रूजींचा हात अजून वरच होता.

"वामनराव, मी तर सेलासाठी वर केला होता."

"रजिस्टरात कारण लिहीत नाही, साहेब. फक्त हात मोजतात."

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसले की पेन हातातून पडलं. तेच पेन उचलून त्यांनी सही केली. लहानूला म्हणाले, "खाली बस बाप्पा, तुझी नोकरी घेतली तर मले या साऱ्यायची घ्यावी लागते."

सत्यशीला मात्र धावत आईकडे गेली होती. टाळ्यांच्या गडबडीत काय झालं ते बायनाबाईला नीट कळलंच नव्हतं. लेक तिच्या गळ्यात पडली आणि कानात ओरडली, "आई, पक्की झाली! नोकरी पक्की झाली!"

बायनाबाईने तिला एका हाताने घट्ट धरलं. दुसरा हात अजून तसाच उभा होता.

"मंग आता हा खाली करू का?" तिने मला विचारलं.